दाढीखालचा हिवाळा

मार्गशीर्ष लागला की माझ्या हनुवटीखाली ओढ बसते. बेंगळुरूच्या थंडीला थंडी म्हणायची लाज वाटली पाहिजे, असं पुण्यातली माझी भावंडं म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही. इथे शेकोट्या पेटत नाहीत, रजया निघत नाहीत. एक कोरडी, चिवट हवा तेवढी सकाळी दाराखालून घरात शिरते आणि दिवसभर अंगातला ओलावा चोखत राहते. ओठ फुटतात, टाचा कडक होतात, हाताच्या मागे पांढऱ्या रेघा उमटतात. आणि दाढी राखणाऱ्याला दाढीच्या आत, अगदी केसांच्या मुळाशी, कुणीतरी बारीक सुया टोचत बसलंय असं वाटायला लागतं.

काल रेवती बाजारातून अवरेकाळूच्या शेंगा घेऊन आली. आपल्याकडचा पावटाच तो, पण इथे त्याचा मोसम सणासारखा साजरा होतो. शेंगांना एक तेलकट, उग्र वास असतो. त्याला इथे सोगडु म्हणतात. सोगडु जितका जास्त तितकी शेंग चांगली, असं माझ्या सासूबाई सांगतात. शेंगा सोलून बोटं हिरवट, चिकट होतात आणि साबणाने हात धुतले तरी तो वास रात्रीपर्यंत जात नाही. पिशवी टेबलावर उपडी झाली, वास घरभर पसरला आणि माझा हात आपोआप दाढीत गेला. रेवतीने ते पाहिलं. अण्णांची आठवण आली का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

अण्णा म्हणजे तिचे वडील. ते आहेत, राजाजीनगरातल्या आपल्या घरात खणखणीत आहेत. तरी आठवण येते. समोर असलेल्या माणसाचीही एखाद्या ऋतूपुरती वेगळी आठवण असते, तशी ही.

त्या वर्षी आमच्या लग्नाला फार काळ लोटला नव्हता. माझं हे दुसरं लग्न, रेवतीचं पहिलं. पहिलं लग्न का मोडलं, त्यात कोणाचं किती चुकलं, हे इथे सांगण्यासारखं काही नाही. दोन बरी माणसं एकत्र राहू शकली नाहीत, एवढंच. त्यानंतर मी बनशंकरीला एका भाड्याच्या खोलीत एकटा राहत होतो. दाढी तिथलीच. ती मी हौसेने वाढवली नव्हती. सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या चेहऱ्याकडे नीट बघावं, असं तेव्हा वाटत नसे. ब्लेड संपलं, नवं आणलं नाही, आणि दाढी आली. पुढे रेवती भेटली. तिला दाढी आवडली, म्हणून राहिली. दाढीखाली कातडी असते आणि तिचंही काही मागणं असतं, हे मात्र मला ठाऊकच नव्हतं. तोंडावर साबण फासायचा, वरच्यावर पाणी मारायचं आणि ऑफिसला पळायचं.

रेवतीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलंय की त्यांचं त्यांनाही कळत नाही. अण्णांचं राजाजीनगरात कापडाचं दुकान होतं, आता ते पुतण्या चालवतो. अण्णांनी आमच्या लग्नाला नाही म्हटलं नव्हतं. नोंदणी कार्यालयात ते इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर आले, सही केली, डोक्यावर अक्षता टाकल्या. पण माझ्याशी बोलताना त्यांच्या शब्दांत काही जास्त नसे आणि काही कमी नसे. या, बसा, कॉफी घ्या, रस्त्यात गर्दी होती का. नातेवाइकांत माझी ओळख करून द्यायची वेळ आली की ते म्हणत, "हे रेवतीचे मिस्टर." मला नाव आहे हे त्यांना माहीत होतं. ते त्यांच्या तोंडात येत नव्हतं इतकंच. जावयाला अहो-जाहो करणं ही आपली रीतच आहे, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला समजावत असे. पण धाकट्या मुलीच्या नवऱ्याला ते सहज अरे-तुरे करत, त्याच्या पाठीवर थाप मारत, हेही मी पाहिलं होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला, एका भुरभुरत्या सकाळी, एचएसआर लेआउटमध्ये आमच्या घराजवळच्याच वळणावर माझी स्कूटर खडीवरून घसरली. डोक्याला हेल्मेट होतं. पडताना मी दोन्ही हात पुढे टाकले आणि सगळं वजन हातांवर घेतलं. उजवं मनगट मोडलं, डाव्या हाताच्या अंगठ्यामागचं हाड मोडलं. संध्याकाळी दोन्ही हातांना बोटं झाकेपर्यंत प्लास्टर चढवून मी घरी आलो. दाराची कडी काढता येईना. पेला उचलता येईना. रेवतीचं ऑफिस राजाजीनगरच्या जवळ. तिने बॅग भरली आणि म्हणाली की आपण आईकडे जातोय, मला दिवसभर तुझी काळजी करत काम जमणार नाही. मी नको म्हणून पाहिलं. सासरी दोन दिवस पाहुणा म्हणून राहणं वेगळं, आणि चमच्याने भरवून घ्यायला राहणं वेगळं. पण नाही म्हणायला माझ्याकडे हातच नव्हते.

त्या घरात त्या दिवसांत अवरेकाळूचं राज्य होतं. उप्पीटात अवरेकाळू, रस्स्यात अवरेकाळू, भाकरीत अवरेकाळू. दुपारी सासूबाई भिजवलेल्या दाण्यांचं पातेलं पुढ्यात घेऊन बसत आणि एकेक दाणा चिमटीत धरून दाबत. सालीतून डाळिंबी टपकन बाहेर उडी मारे. शेजारच्या अक्का मदतीला येत. त्या मला "अळियंद्रे" म्हणून हाक मारत, म्हणजे जावईबुवा, आणि माझ्या दोन पांढऱ्या हातांकडे बघून हळहळत. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून असे. सगळ्यांचे हात चाललेत आणि आपले तेवढे मांडीवर पडलेत, ही भावना फार चमत्कारिक असते.

आणि मग खाज सुटली.

ज्याला दोन हात आहेत त्याला खाज म्हणजे काय ते कळत नाही. सुटते, आपण खाजवतो, संपली. माझी संपत नसे. कोरडी हवा, कित्येक दिवस नीट न धुतलेली दाढी आणि आत साचलेला कोंडा. कानाजवळ सुरू होई, जबड्यावरून उतरे, हनुवटीच्या खाली जाऊन ठिय्या देई. सकाळी रेवती घाईघाईने माझं तोंड ओल्या रुमालाने पुसून कामाला जाई. ती संध्याकाळी येईपर्यंत मी आणि ती खाज. सासूबाईंना सांगायचा धीर होईना. त्या माउलीने जेवण भरवलं, पाणी पाजलं, पण माझी हनुवटी खाजवा हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? मग मी प्लास्टरच्या काठावर जबडा घासायला लागलो. बरं वाटे. जास्त जोराने घासे, जास्त बरं वाटे. काही दिवसांतच दाढीत पुटकुळ्या आल्या, त्या फुटल्या, उशीच्या अभ्र्यावर पिवळसर डाग दिसू लागले. माझ्या काळ्या स्वेटरवर पांढरा भुगा पडलेला असे, आणि तो झटकायलाही मला कुणीतरी लागे.

एका दुपारी घरात निजानीज झाली होती. मी मधल्या खोलीच्या चौकटीला गाल लावून, म्हैस झाडाला अंग घासते तसा, डोळे मिटून जबडा घासत होतो. डोळे उघडले तर समोर अण्णा उभे. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. किती वेळ बघत होते कोण जाणे. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ते जवळ आले, माझी दाढी दोन बोटांनी बाजूला करून आत बघितलं, आणि चप्पल घालायला गेले. पाच-दहा मिनिटांत रिक्षा दारात होती.

त्वचेच्या डॉक्टर बाई मराठी नव्हत्या. त्यांच्याशी अण्णा कन्नडमध्ये बोलले. बाईंनी सांगितलं त्याचा सारांश असा, की दाढी म्हणजे केस असं लोक समजतात आणि केसच धुतात, धुवायची असते ती खालची कातडी. पुटकुळ्या बसेपर्यंत वस्तरा, मशीन काही लावायचं नाही. औषधी शाम्पू बोटांच्या पेरांनी मुळापर्यंत चोळायचा, नखं लावायची नाहीत, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग भरपूर पाण्याने धुवायचा. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मग मलम, तेही अगदी थोडं. अण्णांनी विचारलं की खोबरेल तेल लावलं तर चालेल का. बाई म्हणाल्या, सध्या नको, हा कोंडा तेलावर वाढतो. अण्णांचं तोंड जरा उतरलं. त्यांची स्वतःची दाढी छातीपर्यंत पांढरीशुभ्र, आणि तिला रोज कोमट खोबरेल लागतं, हे सगळ्या राजाजीनगराला माहीत होतं. पण त्यांनी मान डोलावली आणि सरी म्हटलं, म्हणजे बरं.

मग बाईंनी विचारलं की हे रोज करणार कोण. रेवतीला सुट्टीखेरीज वेळ नाही, हे मी सांगायला लागलो, तोवर अण्णा म्हणाले, "मी आहे ना."

दुसऱ्या दिवसापासून ते सुरू झालं. ऊन गच्चीवर आलं की अण्णा स्टीलच्या पातेल्यात कोमट पाणी घेऊन वर येत. एका प्लास्टिकच्या खुर्चीत मी, दुसरीवर पंचा, तांब्या आणि शाम्पूची बाटली. "स्वल्प तोंड वर करा," ते म्हणत. मी वर आकाशाकडे बघे. त्यांची बोटं माझ्या दाढीत शिरत. आयुष्यभर कापड चाचपून बघितलेली बोटं होती ती. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही लाकडासारखे ताठ होतो. मोठ्या झालेल्या पुरुषाच्या चेहऱ्याला कोण हात लावतं? न्हावी लावतो, बायको लावते. माझे वडील मी नोकरीला लागायच्या आधीच गेले, आणि ते असतानाही त्यांनी माझ्या गालाला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. पाठीवर हात, डोक्यावर हात. चेहरा ज्याचा त्याचा.

शाम्पू लावून थोडा वेळ ठेवायचा होता. त्या वेळात मला बोलता येत नसे, कारण तोंड उघडलं की फेस आत जाई. आणि मला बोलता येत नाही म्हटल्यावर, कोण जाणे कसं, अण्णा बोलायला लागले. खुर्चीच्या काठावर बसून, तांब्या गुडघ्यावर धरून, समोरच्या नारळाच्या झाडाकडे बघत ते बोलत. दुकानाचं सांगत, राजाजीनगरात मोकळी मैदानं होती तेव्हाचं सांगत. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये जात आणि मग माझ्याकडे बघून परत येत. ज्या माणसाने दोन वर्षांत मला चार वाक्यांच्या वर काही दिलं नव्हतं, तो रोज सकाळी माझ्या फेसाळ चेहऱ्यापुढे एकेक गोष्ट काढून ठेवत होता.

अशाच एका सकाळी त्यांनी स्वतःच्या दाढीत डाव्या बाजूला बोटं घालून केस वर उचलले. खाली जबड्यावर तळहाताएवढी कातडी चुरगळलेली, गुलाबी, एकही केस नसलेली. तरुणपणी दुकानाच्या मागच्या खोलीत चहा करताना स्टोव्ह भडकला होता. जखम भरली, पण त्यावरून वस्तरा फिरवला की आग होई, म्हणून दाढी. आजूबाजूचे केस वाढवून तो भाग झाकायचा आणि कातडी ताणली जाऊ नये म्हणून तेल लावायचं. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी स्वतः दाढी बाजूला करून मुलीकडच्यांना डाग दाखवला होता. नंतर बोलणी नकोत, म्हणून. मुलीकडचे गप्प झाले. बरेच दिवस निरोप आला नाही. मग आला, कारण मुलगीच हट्टाला पेटली होती. ती मुलगी म्हणजे आता खाली स्वयंपाकघरात अवरेकाळू सोलत बसलेल्या आमच्या सासूबाई.

एवढं सांगून अण्णा थांबले. तांब्यात बोट बुडवून पाणी निवलं का ते पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते जे गप्प बसले होते ना बरेच दिवस, ते मला कधी विसरता आलं नाही. आणि तुमच्या बाबतीत मी तसाच गप्प बसलो. लग्न मोडलेलं आहे एवढं कानावर आलं, पुढे मी काही विचारलंच नाही."

मला काहीतरी बोलायचं होतं. निदान, असू द्या अण्णा, एवढं तरी. पण फेस ओठांवर होता. त्यांनी तांब्या उचलला, माझी मान मागे केली आणि पाणी ओतायला सुरुवात केली. धुऊन, टिपून, मलम लावून होईपर्यंत ते नारळाच्या भावावर आले होते.

आता विचार करतो तेव्हा वाटतं, बरं झालं तोंडावर फेस होता. मला बोलता आलं असतं तर मी ते वाक्य सभ्यपणे गुंडाळून बाजूला ठेवलं असतं. आम्ही दोघंही सुटलो असतो. फेसामुळे मला ते तसंच्या तसं घ्यावं लागलं.

पुटकुळ्या हळूहळू बसल्या. अण्णा रोज उन्हात माझी दाढी विंचरून केस वेगळे करत आणि आत बघून काय दिसतं ते रेवतीला संध्याकाळी सांगत. डावीकडे लाली कमी आहे, हनुवटीखाली अजून आहे, कानाजवळ कोंडा नाही. एकदा खोबरेलाची बाटली ते वर घेऊन आलेले मी पाहिलं. माझ्या दाढीकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि सगळं तेल आपल्याच दाढीला लावलं. रेवती हसून म्हणाली की अण्णांनी कापडाच्या गिऱ्हाइकाची पण इतकी मनधरणी केली नव्हती. खाज कधी गेली ते मला कळलंही नाही. एका दुपारी शेंगांचा वास घेत बसलो होतो, तेव्हा लक्षात आलं की आज सकाळपासून आपल्याला चेहरा आहे याची आठवणच झालेली नाही. निरोगी कातडीचं सुख असलंच असतं, ती आहे हे विसरता येणं.

मग संक्रांत आली. त्या घरी संक्रांतीला सगळा गोतावळा जमतो. आपल्याकडे तिळाचे लाडू, तर इथे एळ्ळु-बेल्ला, म्हणजे तीळ, गूळ, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे आणि डाळं एकत्र केलेलं. संध्याकाळी माणसं यायला लागली तसा मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, चेहऱ्यावर अजून डाग, दाढीत मलमाची चकाकी. त्यातून हे सगळे नातेवाईक आमच्या लग्नाच्या वेळी काय काय बोलले होते ते मला रेवतीकडून तुकड्यातुकड्याने कळलेलं. बाहेर न जाणंच बरं, असं मी ठरवलं. रेवती दोनदा बोलवायला आली, मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

तिसऱ्यांदा अण्णा आले. हातात कंगवा होता. ते बाहेर चला म्हणाले नाहीत. माझ्यासमोर बसून त्यांनी माझी दाढी नीट विंचरली, शर्टाच्या कॉलरवरचं काहीतरी झटकलं, आणि माझ्या काखेत हात घालून मला उठवलं. जमिनीवरून म्हाताऱ्या माणसाला उठवावं तसं. मी त्यांच्याबरोबर गेलो.

बाहेरच्या खोलीत श्रीनिवासकाका बसले होते. अण्णांचे थोरले चुलतभाऊ, घराण्यातला सगळ्यात मोठा माणूस. आमच्या लग्नाला ते आले नव्हते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि अण्णांना विचारलं की हे कोण. त्यांना माहीत होतं. खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

"हा आमचा नितीन," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी ताटलीतून चिमूटभर एळ्ळु-बेल्ला घेतलं. प्रत्येकाच्या तळहातावर देत होते ते, पण मला तळहात कुठे होता? ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांच्या देखत, रोज गच्चीवर धरत तशी माझी हनुवटी डाव्या हाताने धरली.

"तोंड उघड," ते म्हणाले.

उघडा नाही. उघड. मराठीत एका काना-मात्रेने माणूस घरात येतो किंवा दाराबाहेर राहतो. मी तोंड उघडलं. तीळ आणि गूळ दाताखाली आले, खोबऱ्याचा एक तुकडा दाढीत पडला, तो त्यांनी दोन बोटांनी काढला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. श्रीनिवासकाकांनी थोडा वेळ आम्हा दोघांकडे बघितलं आणि मग सरकून सोफ्यावर माझ्यासाठी जागा केली. हात कसा मोडला, ते विचारलं. मी सांगितलं. एचएसआरच्या रस्त्यांवर सगळ्यांना बरंच काही बोलायचं होतं.

आता दाढीची काळजी मी स्वतः घेतो. मुळापर्यंत बोटं घालतो, नखं लावत नाही, पंच्याने टिपतो. थंडीत आठवड्यातून दोनदा त्या डॉक्टर बाईंनी सांगितलेला शाम्पू. ऑफिसातली तरुण पोरं दाढीला महागडी तेलं लावतात आणि आतून खाजवत बसतात. त्यांना मी हे सगळं सांगतो. ते हसतात, आणि मग एकेकजण हळूच येऊन शाम्पूचं नाव विचारतो. कोणी त्यांच्या दाढीत बोटं घालून बघितलं नसेल, असं वाटून मला त्यांची जरा कीव येते. आणि मी किती नशीबवान, हेही तेव्हाच कळतं. माझं हाड मोडलं म्हणून मला एक माणूस मिळाला. असे सौदे रोज होत नाहीत.

संक्रांतीनंतर काही दिवसांनी प्लास्टर कापलं. आतून निघालेले हात माझे वाटेनात. बारीक, फिकट, कोंड्याने भरलेले. मूठ पुरती मिटत नव्हती, पण बोटं हलत होती. संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने पेला उचलून पाणी प्यायलो आणि सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. परत आमच्या घरी जायचं बोलणं झालं, येत्या रविवारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर ऊन खात उभा होतो. जिन्यात पावलं वाजली. अण्णा कोमट पाण्याचं पातेलं घेऊन वर आले, खांद्यावर पंचा, बगलेत शाम्पूची बाटली. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि तेव्हा त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. ते क्षणभर तसेच वाकलेले राहिले. काल प्लास्टर कापताना ते माझ्या शेजारीच होते. विसरले होते, की सवयीने पाणी तापवलं होतं, की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

मी खुर्ची उन्हात ओढली, बसलो, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तोंड वर केलं.

"पाणी जास्त गरम नाही ना, बघ," अण्णा म्हणाले, आणि त्यांची बोटं दाढीत शिरली.